गादमाशीच्या करामती

ऑगस्टमध्ये भंडारा-गोंदियाच्या एखाद्या बांधीत उतरा. हिरव्या धानात मधूनच रुपेरी नळी उभी दिसेल, आतून पोकळ, थेट कांद्याची पात! हाच चंदेरी पोंगा. या फुटव्याला लोंबी येणार नाही, कारण आत गादमाशीची अळी वाढतेय.

माशी म्हणायची, पण आकार डासाएवढा. आयुष्य जेमतेम दोन-चार दिवसांचं, आणि तेवढ्यात मादी शंभर-दोनशे अंडी घालते. गंमत म्हणजे एका मादीची पिल्लं बहुधा सगळी नर तरी असतात, नाहीतर सगळी मादी!

तीन-चार दिवसांत अंड्यातून निघणाऱ्या अळीला पाय नसतात. पानावर दव किंवा पावसाचा ओलावा असेल तरच ती सरकत खोडाच्या तळाशी, वाढीच्या कोंबापर्यंत पोचते. म्हणून ढगाळ, रिमझिम हवा तिला मानवते. कोंब गाठला की खरी करामत सुरू होते. तिच्या लाळेमुळे रोप स्वतःची वाढ सोडून तिच्यासाठीच बंद नळी घडवू लागतं. वर डिवचलेलं रोप आणखी फुटवे काढतं आणि पुढच्या अळ्यांना तेही आयतेच मिळतात.

कोष नळीतून काट्यांच्या आधाराने वर चढतो, शेंड्याला भोक पाडून अर्धा बाहेर येतो आणि रात्री माशी उडते. भोकात अडकलेली रिकामी कात दिसली, की त्या पोंग्यावर औषध मारणं वाया.

उन्हाळ्यात अळ्या जंगली धानाच्या कोंबात निपचित असतात. पहिल्या पावसाने जागतात, तिथेच एखाद-दोन पिढ्या वाढवून रोवणी झालेल्या बांधीत येतात. लोंबी धरू लागली की मात्र त्यांना कोवळा कोंबच उरत नाही. उशिरा रोवलेलं धान जास्त मार खातं ते यामुळेच. माझ्या मते वेळेवरची रोवणी हे यावरचं सर्वांत स्वस्त औषध आहे.

शास्त्रात या माशीची नोंद झाली 1889 मध्ये, वुड-मेसन यांच्याकडून. पुढे प्रतिकारक वाण आले, पण माशीनेही रूपं बदलली. भारतात तिचे सात जैवप्रकार नोंदले गेले आहेत, त्यामुळे एका भागात टिकणारा वाण दुसरीकडे बळी पडू शकतो.

तिचा वैरीही तितकाच चतुर. प्लॅटिगॅस्टर नावाची चिमुकली गांधीलमाशी गादमाशीच्या अंड्यातच आपलं अंडं घालते. त्या एका अंड्याचे पुढे अनेक भ्रूण होतात. तेव्हा पोंगे उपटून जाळण्याआधी दोन-चार उभे चिरून पाहा. अळीच्या कातडीत या गांधीलमाशीच्या बारीक कोषांची दाटी दिसली, तर ते पोंगे बांधीतच राहू द्या.