भंडारा, कुंकू आणि हरिपूरची पेवं
(डब्यातली औषधं : लेखांक ८)

मागच्या लेखात आलं झालं. आज त्याच कुळातली हळद. आमटीत पडते ती चिमूटभर. अंगाला आणि देवाला मात्र ओंजळीनं लागते. सातारा-सांगलीकडं तर हे जरा जास्तच.

लग्नघरातलं पहिलं काम हळदीचंच. जात्याला हळकुंड-सुपारी बांधायची, मुसळाला आंब्याची पानं बांधायची आणि सवाष्णींनी मिळून हळकुंडं कांडायची. हळद आधी नवऱ्या मुलाला लागते, मग त्याची उष्टी हळद वाजत-गाजत नवरीकडं जाते. एरवी उष्ट्यापासून चार हात लांब राहणाऱ्या बायका या उष्ट्याला मात्र अंगभर मान देतात.

देवाची तऱ्हा याहून मोठी. कराड तालुक्यातल्या पालीत तारळी नदीच्या काठी पौषात खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं. भंडारा (देवावर उधळायची हळद) आणि खोबऱ्याची अशी उधळण होते की रस्ता, घरं, माणसांच्या पापण्या सगळं पिवळं. तिकडं कवठेमहांकाळ तालुक्यात आरेवाडीच्या बिरोबालाही भंडाराच लागतो. कपाळाला तो लावला की कसलीच बाधा होत नाही, ही धनगर समाजाची श्रद्धा. आता भंडारा म्हणून स्वस्तातली पिवळी पूड सर्रास विकली जाते आणि ती डोळ्यांत गेली की आग होते. घरी एक परीक्षा करता येते : चिमूटभर पूड साबणाच्या पाण्यात टाका. हळद लालसर होते. पूड पिवळीधमक राहिली तर तिच्यात हळद नावालाच आहे, असं समजा. लाल झाली म्हणून निर्भेळ ठरते असं मात्र नाही. थोडी हळद मिसळलेली असली तरी रंग पालटतोच.

हा रंगबदल करणारं द्रव्य म्हणजे कुरकुमिन. क्षाराशी गाठ पडली की ते लाल होतं. आमटी सांडलेल्या सदऱ्याला साबण लावल्यावर डाग लाल दिसतो तो यामुळंच. पण क्षारानं आलेली लाली टिकत नाही. जुनं कुंकू करणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. ते हळकुंडांना लिंबाच्या रसात कालवलेला टाकणखार लावत आणि सावलीत वाळवून दळत. टाकणखारातला बोरॉन, लिंबाचं आम्ल आणि कुरकुमिन मिळून पक्का लाल रंग तयार होतो. रसायनशास्त्राचं पुस्तक न उघडता ही कृती कुणी, किती नासधुशीनंतर बसवली असेल!

औषधाचं सांगायचं तर बोट कापलं की हळद दाबायची, खोकल्याला हळद-दूध, मुक्या मारावर आंबेहळद उगाळून गरम लेप. (आंबेहळद वेगळी वनस्पती, पण जवळची.) खोल जखमेत डब्यातली पूड कोंबू नये, तिच्यात जंतूही असतात. या घरगुती ज्ञानावर १९९५ साली अमेरिकेत चक्क पेटंट दिलं गेलं : जखम भरण्यासाठी हळद. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या भारत सरकारच्या संशोधन संस्थेचे महासंचालक होते. संस्थेनं आव्हान दिलं, पण ‘आमच्या आजीला माहीत होतं’ हा पुरावा तिथं चालत नाही. छापील हवं. मग जुने ग्रंथ आणि १९५३ च्या वैद्यकीय नियतकालिकातला एक लेख, असे बत्तीस संदर्भ मांडले गेले आणि १९९७ साली पेटंट रद्द झालं. तिथं हरलेले लोक गेले, आता कुरकुमिनच्या गोळ्या विकणारे आले. कुरकुमिन नुसतं पोटात गेलं तर फारसं रक्तात उतरत नाही, हे ते बारीक अक्षरात लिहितात. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते हेच.

सांगली म्हणजे हळदीची मोठी पेठ. तिथं येणारी एवढी हळद साठवत कुठं? जमिनीत. कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूरला पेवं खणलेली होती : तोंड अरुंद, पोट मोठं. आतून उसाचा पाला आणि चटया लावायच्या, हळद भरायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. घट्ट मातीतून हवा-ओल शिरत नाही, म्हणून कीडही जगत नाही. हळद वर्षानुवर्षं जशीच्या तशी राहते. तेच पेव उघडताना मात्र जिवावर बेतू शकतं. आत प्राणवायू उरलेला नसतो. म्हणून तोंड उघडून बराच वेळ तसंच ठेवायचं, मग पेटता कंदील दोरीनं आत सोडायचा. कंदील विझला तर माणूस उतरत नाही.

२००५ च्या महापुरात यातली बरीच पेवं पाण्याखाली जाऊन ढासळली. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तोवर बहुतेक माल गोदामांत आणि शीतगृहांत जाऊ लागला होता.

(पुढच्या आठवड्यात : ओवा)