बाळंतिणीचं रक्त कमी: गोळी चालू आहे, तरी हिमोग्लोबिन का वाढत नाही?

आजचा भाग बाळंतिणींसाठी आहे, आणि खरं सांगायचं तर त्यांच्यापेक्षा जास्त त्यांच्या घरच्यांसाठी.

सहा आठवड्यांच्या तपासणीला एक मुलगी आली, सोबत सासूबाई. एक मजला चढून तिला धाप लागलेली. बाळाला घेऊन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणाली. सासूबाईंचं म्हणणं, "अहो डॉक्टर, बाळंतपण म्हटलं की थकवा यायचाच. आम्ही नाही का काढली बाळंतपणं?" हिमोग्लोबिन केलं. ८.४! बाळंत झाल्यावर लगेच ते १० च्या खाली असेल तर ॲनिमिया धरतात. दोनेक महिन्यांनी तर ते १२ च्या वर यायला हवं.

बरं, लोहाची गोळी चालू होती. रोज, न चुकता. कशी घेतेस म्हणून विचारलं, तर दुपारी जेवल्यावर लोहाची आणि कॅल्शियमची एकदमच. वर चहा. झालं, तिथेच उत्तर मिळालं. कॅल्शियम आणि चहा, दोन्ही लोहाला आतड्यात शोषू देत नाहीत.

थोडा हिशेब करू या. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये साधारण ३.४ मिलिग्रॅम लोह असतं. बाळंतपणात अर्धा लिटर रक्त गेलं आणि हिमोग्लोबिन १० होतं, तर १७० मिलिग्रॅम लोह गेलं. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. त्यातलं समजा दहावा हिस्सा अंगी लागलं, तर रोजचं ६. म्हणजे नुसतं ते रक्त भरून काढायलाच जवळपास महिना! मुळात साठा किती होता, हा प्रश्न वेगळाच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांना ॲनिमिया निघाला होता. गरोदरपणात बाळानं आपला वाटा घेतलेला असतो, तोही यातूनच. म्हणूनच 'ॲनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमात बाळंतपणानंतर १८० दिवस रोज एक गोळी सांगितली आहे. ॲनिमिया असेल तर डोस वाढतो, तो डॉक्टर ठरवतील. आपण काय करतो? महिनाभरात जरा बरं वाटलं की गोळी बंद. रक्त सुधारलं तरी साठा रिकामाच असतो, म्हणून हिमोग्लोबिन नॉर्मल आल्यावरही साधारण तीन महिने गोळी चालू ठेवायची.

घ्यायची कशी? दोन जेवणांच्या मधे, लिंबूपाण्याबरोबर. कॅल्शियम, दूध, चहा यांच्यात आणि गोळीत किमान दोन तास ठेवा. मळमळत असेल तर रात्री झोपताना घ्या. शी काळी होते, घाबरू नका. बद्धकोष्ठ झालं तर डॉक्टरांना सांगा, गोळी बदलता येते, पण परस्पर सोडू नका. आणि हो, अंगावर पाजताना ती चालते. त्यानं दूध काळं होत नाही. (हा प्रश्न मला खरंच विचारतात.)

अळिवाची खीर, डिंकाचे लाडू खुशाल खा. पण खीर दुधातली, आणि वनस्पतींमधलं लोह तसंही कमी शोषलं जातं. मटण-मासे खाणाऱ्या घरातही बाळंतिणीला ते बंद करतात, हे मला कधीच पटलेलं नाही. अर्थात ८ वर आलेलं हिमोग्लोबिन नुसत्या आहारानं वर येत नाही, गोळीला पर्याय नाही.

नीट गोळ्या घेऊन महिन्याभरात हिमोग्लोबिन एक ग्रॅमसुद्धा वाढलं नाही, तर पुढचा विचार करायचा. कधी थॅलेसेमिया मायनर निघतो. सिंधी, कच्छी, लोहाणा समाजात तो जास्त दिसतो, पण इतरांतही असतो. साठा पाहायला फेरिटिन करतात, पण बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ते सुजेमुळे खोटं जास्त दिसू शकतं. गोळी सोसत नसेल किंवा ॲनिमिया जास्त असेल तर शिरेतून लोह देतात. आयर्न सुक्रोज चार-पाच वेळा थोडं थोडं द्यावं लागतं. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज एका बैठकीत १००० मिलिग्रॅमपर्यंत देता येतं. क्वचित ॲलर्जी येते, म्हणून हे दवाखान्यातच, घरी सलाईन लावून नाही. रक्त चढवणं हा शेवटचा उपाय, हिमोग्लोबिन फारच खाली असेल किंवा रक्तस्राव चालू असेल तेव्हाचा.

त्या मुलीची लोहाची गोळी सकाळी अकराला आणि कॅल्शियम रात्री जेवल्यावर, एवढंच आधी बदललं. महिन्यानं ९.७. सासूबाईंनी त्या दिवशी स्वतःचंही हिमोग्लोबिन करून घेतलं.

जाता जाता: तासाभरात पॅड भिजत असेल, आडवं पडल्यावर दम लागत असेल, छातीत सारखी धडधड होत असेल, चक्कर येऊन पडली असेल किंवा ताप असेल, तर गोळीचा परिणाम दिसायची वाट पाहू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा.