लिस्बनचा भूकंप आणि ईश्वराच्या न्यायाचा प्रश्न

कोणत्याही धर्मविचाराची खरी कसोटी दुःखाच्या प्रश्नापाशी लागते. माणसाने माणसाला दिलेल्या दुःखाचा जाब माणसाला विचारता येतो. परंतु भूकंप, महापूर, अवर्षण, साथीचे रोग यांमुळे जे दुःख कोसळते त्याचा जाब कोणाला विचारावयाचा? जो धर्म सृष्टीचा कर्ता मानतो त्याच्यापुढे हा प्रश्न अधिक तीव्रतेने उभा राहतो. ईश्वर सर्वशक्तिमान असेल तर तो आपत्ती थांबवू शकतो. तो परम दयाळू असेल तर त्याला ती थांबवावीशी वाटली पाहिजे. आणि तरीही आपत्ती येतच राहतात. या विधानांचा मेळ घालण्याच्या प्रयत्नाला पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात ‘थिऑडिसी’ म्हणतात. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझ याने १७१० साली आपल्या ग्रंथाच्या नावासाठी हा शब्द घडविला. ‘ईश्वराच्या न्याय्यतेचे समर्थन’ असा त्याचा आशय होय.

आम्ही बौद्ध सृष्टिकर्ता मानीत नाही. मग या वादाशी आम्हांला काय कर्तव्य, असे कोणी विचारील. त्याला दोन उत्तरे आहेत. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर परिसरात एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यामुळे पूर्वास्पृश्य समाजातील अनेक कुटुंबे ख्रिस्ती झाली. ती आपल्याच समाजबांधवांची कुटुंबे होत. त्यांचा विचार समजून न घेता त्यावर टीका करणे धम्माला शोभणारे नाही. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. जो प्रश्न ख्रिस्ती विचारवंतांनी ईश्वराच्या संदर्भात सोडविण्याचा यत्न केला, तोच प्रश्न आपल्या घरांत ‘पूर्वकर्मा’चा वेष घेऊन वावरतो. म्हणून हा विषय परका नाही.

लिस्बन, १ नोव्हेंबर १७५५

पोर्तुगालची राजधानी लिस्बन ही अठराव्या शतकातील एक समृद्ध व श्रद्धाळू नगरी होती. १ नोव्हेंबर हा ‘सर्व संतांचा दिवस’ मानला जातो. १७५५ साली त्या दिवशी सकाळी साडेनऊच्या सुमारास चर्च उपासकांनी भरली असताना भूकंपाचे प्रचंड धक्के बसले. दगडी छते उपासकांवर कोसळली. जे वाचले त्यांतील अनेक जण मोकळ्या जागेसाठी टागुस नदीच्या काठी धावले. तेथे समुद्राच्या महाकाय लाटांनी त्यांना गाठले. वेदींवरील मेणबत्त्या आणि घरांतील चुली यांपासून लागलेली आग कित्येक दिवस धुमसत होती. राजवाडा, त्यातील ग्रंथालय, मोठे रुग्णालय, सर्व नष्ट झाले. मृतांच्या संख्येविषयी एकमत नाही. तथापि काही दहा हजारांच्या घरात माणसे मेली, याविषयी शंका नाही. समुद्रापलीकडे मोरोक्कोतही मोठा विध्वंस झाला.

आता अर्थ लावण्याची घाई पाहा. गॅब्रिएल मालाग्रिदा या जेसुइट धर्मगुरूने १७५६ साली पुस्तिका काढून सांगितले की, भूकंपाचे कारण निसर्गात नसून लिस्बनवासीयांच्या पापांत आहे. त्याच वेळी इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली या प्रॉटेस्टंट उपदेशकाने हाच भूकंप ईश्वरी इशारा मानला आणि लिस्बनमधील धर्मन्यायालयाच्या क्रौर्याकडे बोट दाखविले. पोर्तुगालमधील काहींना मात्र पाखंड्यांना दिलेली सवलत हेच पाप वाटत होते. घटना एक, प्रत्येक जण तीमध्ये आपल्या विरोधकाचा अपराध वाचीत होता. जे अनुमान परस्परविरुद्ध पक्षांना सारखेच उपयोगी पडते, त्यात ज्ञान किती आणि पूर्वग्रह किती, हे सांगावयास नको.

फ्रेंच लेखक व्होल्तेर याने १७५६ साली या आपत्तीवर दीर्घ काव्य प्रसिद्ध केले. लंडन व पॅरिस यांच्यापेक्षा लिस्बन अधिक पापी होते काय, असा त्याचा रोख होता. हे जग म्हणजे शक्य असलेल्या सर्व जगांतील उत्तम जग, हे लायब्निझचे मत त्याने पुढे १७५९ च्या ‘कॉन्दीद’ या कादंबरीत उपहासाचा विषय केले. रूसोने व्होल्तेरला पत्र लिहून वेगळा मुद्दा मांडला : उंच उंच घरांची दाटी निसर्गाने केली नव्हती, ती माणसाने केली, लोक विरळ वस्तीत राहत असते तर हानी कमी झाली असती. रूसो ईश्वराचा कैवार घेत होता. पण त्याच्या युक्तिवादात आधुनिक आपत्तिविचाराचे बीज होते.

प्रधानमंत्री, म्हणजे पुढे मार्क्विस ऑफ पोंबाल म्हणून प्रसिद्ध झालेला पुरुष, याने तिसराच मार्ग धरला. त्याने सर्व धर्मग्रामांकडे प्रश्नावली पाठविली : धक्के किती वेळ बसले, किती माणसे मेली, समुद्र प्रथम मागे हटला की पुढे आला, आगी कोठे लागल्या? भूकंपशास्त्राच्या इतिहासात या प्रश्नावलीला मानाचे स्थान आहे. नव्या इमारतींच्या भिंतींत लाकडी सांगाडे बसविण्यात आले, की ज्यायोगे धक्का सोसता यावा. पोंबाल हा काही दयामूर्ती नव्हता. त्याच्या राजवटीत विरोधकांचा क्रूर छळ झाला, आणि १७६१ साली मालाग्रिदाला झालेल्या देहान्त शासनामागेही राजकीय वैर होते. तरीही ‘हे कोणाच्या पापामुळे घडले?’ याऐवजी ‘हे कसे घडले?’ असे विचारल्याने पुढच्या पिढ्यांचे प्राण वाचू शकतात, ही गोष्ट येथे स्पष्ट दिसते.

ख्रिस्ती परंपरेची उत्तरे

आपत्ती म्हणजे पापाचा दंड, हे ख्रिस्ती धर्माचे एकमेव उत्तर आहे असे समजणे अन्यायाचे होईल. बायबलच्या जुन्या करारातील ईयोबाचे पुस्तक हीच समजूत तपासते. ईयोब हा निर्दोष पुरुष. त्याची मुले वादळात घर कोसळून मरतात, तो रोगाने जर्जर होतो. त्याचे मित्र त्याच्या पापाचा शोध घेतात. पण ग्रंथाच्या शेवटी ईश्वर त्या मित्रांनाच दोष देतो. लूककृत शुभवर्तमानात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेल्याचा उल्लेख येतो. ती माणसे इतरांहून अधिक अपराधी नव्हती, असे येशू सांगतो. जन्मांध मनुष्याविषयीही, त्याच्या किंवा त्याच्या आईबापांच्या पापामुळे तो आंधळा जन्मला हे मत येशू नाकारतो. म्हणजे मालाग्रिदाचे उत्तर त्याच्याच धर्मग्रंथाशी पुरते जुळत नव्हते.

मग ख्रिस्ती विचारवंतांनी दुसरी कोणती उत्तरे दिली? स्थूलमानाने ती चार आहेत.

पहिले संत ऑगस्टीनचे (इ. स. ३५४ ते ४३०). दुष्टता ही स्वतंत्र वस्तू नसून चांगुलपणाचा अभाव होय. ईश्वराने इच्छास्वातंत्र्य दिले, मानवाने त्याचा गैरवापर केला आणि त्या मूळ पतनाने जगात दुःख आले. हे उत्तर युद्ध व खून यांना काही अंशी लागू पडते. परंतु मानव पृथ्वीवर येण्यापूर्वी कोट्यवधी वर्षे भूकंप होत होते, हे भूशास्त्राने दाखविल्यावर त्यांचे मूळ मानवाच्या पतनात शोधणे कठीण झाले.

दुसरे उत्तर दुसऱ्या शतकातील इरेनियसच्या विचारांवर आधारलेले असून जॉन हिक या तत्त्वज्ञाने १९६६ साली ते नव्याने मांडले. जग हे सुखनिवास नसून आत्म्याच्या जडणघडणीची शाळा आहे. संकटाशिवाय धैर्य व करुणा उपजत नाहीत. यात तथ्यांश आहे. पण ढिगाऱ्याखाली मेलेल्या तान्ह्या बालकाची कोणती जडणघडण झाली? हिकला त्यासाठी मरणोत्तर जीवनाचा आधार घ्यावा लागतो.

तिसरे उत्तर निसर्गनियमांचे. ज्या भूपट्टांच्या हालचालींतून पर्वत उभे राहतात त्यांतूनच भूकंप होतात. नियमबद्ध सृष्टी हवी तर तिचे धोकेही पत्करावे लागतात. हे उत्तर विज्ञानाच्या जवळचे आहे. तथापि ईश्वर चमत्काराने अधूनमधून हस्तक्षेप करतो, ही श्रद्धाही जो बाळगतो त्याला ‘मग या वेळी का नाही?’ या प्रश्नापासून सुटका नाही.

चौथे उत्तर विसाव्या शतकाचे. जर्मन धर्मचिंतक युर्गन मोल्टमान याने तरुणपणी १९४३ साली हँबुर्गवरील बाँबहल्ला अनुभवला. त्याचा मित्र त्याच्या शेजारीच मारला गेला. क्रूसावर खिळलेल्या देवाविषयीच्या १९७२ च्या ग्रंथात त्याने म्हटले की, ईश्वर दूर बसून दुःख पाहत नाही, तो दुःखितांबरोबर स्वतः दुःख भोगतो. हे दुःखाचे स्पष्टीकरण नव्हे. ती सोबत होय. या भूमिकेतील सहानुभूतीचा आम्ही आदर करतो. मात्र येथे सर्वशक्तिमत्तेची कल्पना बरीच सैल होते, हेही नमूद केले पाहिजे.

पालि साहित्यातील दृष्टी

अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात भगवान बुद्धांनी तीन मतांची परीक्षा केली आहे. मनुष्य जे सुख, दुःख वा अदुःख-असुख अनुभवतो ते सर्व पूर्वकृत कर्मामुळे, हे पहिले मत (पुब्बेकतहेतु). ते सर्व ईश्वराच्या निर्मितीमुळे, हे दुसरे (इस्सरनिम्मानहेतु). आणि ते सर्व अकारण, हे तिसरे (अहेतु-अप्पच्चय). तथागतांचा आक्षेप तिन्हींवर एकच आहे : असे मानल्यास हिंसा व चोरीही त्याच कारणाच्या माथी जातील आणि ‘हे करावे, हे करू नये’ असा संकल्प वा उद्योग उरणार नाही. ईश्वरवादाबरोबर पूर्वकर्मवादालाही त्यांनी त्याच रांगेत बसविले आहे, हे ध्यानात घ्यावे.

संयुत्त निकायातील सीवक सुत्तात हाच विचार अधिक तपशिलाने येतो. वेदनांची कारणे आठ सांगितली आहेत : पित्त, कफ, वात, यांचा संनिपात, ऋतुपरिवर्तन, विषम परिहार, आकस्मिक आघात आणि कर्मविपाक. कर्म हे आठांपैकी एक आहे. सर्वच वेदना पूर्वकर्मजन्य म्हणणारे प्रत्यक्ष अनुभव व लोकमान्य सत्य या दोहोंच्या पलीकडे जातात. मिलिंदपञ्हात भदन्त नागसेन हीच यादी घेऊन म्हणतात की, कर्मविपाकजन्य वेदना थोड्या, इतर अधिक. पालि साहित्यात अल्पायुष्य, रोग इत्यादींचा संबंध कर्माशी जोडणारी चूळकम्मविभङ्गासारखी सुत्तेही आहेत, हे लपविण्याचे कारण नाही. पण त्यांचा अर्थ लावताना वरील मर्यादा ओलांडता येत नाही.

भूकंपाविषयी काय? महापरिनिब्बान सुत्तात तथागत आनंदाला भूकंपाची आठ कारणे सांगतात. महापृथ्वी जलावर, जल वायूवर आधारलेले आहे आणि महावात सुटला की पृथ्वी कंप पावते, हे पहिले. ऋद्धिमंताचे सामर्थ्य आणि बोधिसत्त्व व तथागत यांच्या जीवनातील प्रसंग ही उरलेली. पहिले कारण आजच्या भूशास्त्राशी जुळत नाही, आणि ते जुळवून दाखविण्याचा अट्टाहासही आम्ही करणार नाही. लक्षणीय गोष्ट ही की, या आठांत ‘लोकांच्या पापाचा दंड’ हे कारण कोठेही नाही.

आपत्तिग्रस्ताशी कसे वागावे, याचे उदाहरण पटाचारेच्या कथेत आहे. अट्ठकथेनुसार एका अकाली वादळाच्या आगेमागे तिचा पती सर्पदंशाने गेला, एक पुत्र ससाण्याने उचलला, दुसरा नदीत वाहून गेला, आणि आईबाप व भाऊ घर कोसळून मेले. भ्रमिष्ट, विवस्त्र अवस्थेत ती विहारात आली तेव्हा लोक तिला हाकलू लागले. तथागतांनी तिला जवळ येऊ दिले, भानावर येण्यास सांगितले. एका मनुष्याने आपले वस्त्र तिच्या अंगावर टाकले. ‘तू कोणते पाप केले होतेस?’ असा प्रश्न तिला विचारला गेला नाही. आधी वस्त्र, मग धम्म, हा क्रम आहे.

आपल्या घरातील प्रश्न

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भीषण भूकंप झाला. तो अस्पृश्यतेच्या पापाचा दंड आहे, असे गांधीजींनी जाहीरपणे म्हटले. हेतू अस्पृश्यतानिवारणाचा होता. पण त्या ढिगाऱ्यांखाली अस्पृश्यही मेले होते. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनाच त्या अन्यायाचा दंड देणारा हा कोणता न्याय? रवींद्रनाथ टागोरांनी या विधानाला विरोध करून भौतिक घटनांची कारणे भौतिकच असतात, असे प्रतिपादन केले. चांगल्या हेतूनेही चुकीचे कारण सांगू नये, हा या वादाचा धडा होय.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपले असताना, किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे मेली. तेथे माणसे मारली ती प्रामुख्याने मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि माळवदांच्या ओझ्याने. लिस्बनच्या दगडी छतांची आठवण येथे अपरिहार्य आहे.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात ईश्वरावरील विश्वास हा धम्माचा भाग नसल्याचे दाखविले आणि पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धान्ताचीही कठोर चिकित्सा केली. गोरगरिबांच्या अवस्थेची जबाबदारी समाजाने व राज्यसंस्थेने टाळावी, एवढाच या सिद्धान्ताचा उपयोग होतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. आपत्तीच्या वेळी याची प्रचीती येते. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मदतवाटपात दलितांशी भेदभाव झाल्याचे मानवी हक्क संघटनांनी नोंदविले. लाट निसर्गाने आणली. मदतीची रांग वेगळी कोणी केली? पहिल्या दुःखाला कर्ता नाही, दुसऱ्याला आहे. जे ‘सर्व ईश्वराची इच्छा’ किंवा ‘सर्व पूर्वकर्म’ म्हणतात त्यांना हा भेद दिसत नाही, आणि म्हणून दुसऱ्या दुःखाचा कर्ता सुटून जातो.

तेव्हा ख्रिस्ती शेजाऱ्याच्या घरी शोक असता त्याच्या श्रद्धेशी वाद घालण्याचे उपासकाला प्रयोजन नाही. ईयोबाचा कर्ता आणि आपण, दोघेही दुःखिताला अपराधी ठरविण्यास नकार देतो, एवढी समान भूमी पुरेशी आहे. परंतु आपल्या वस्तीत कोणी पूरग्रस्ताला वा रोग्याला ‘मागल्या जन्मीचे भोग’ म्हणत असेल, तर त्यास सीवक सुत्तातील आठ कारणे सांगणे हे आपले कर्तव्य होय. आणि ती सांगण्यापूर्वी त्या पीडिताच्या अंगावर वस्त्र आहे की नाही, हे पाहणे त्याहून आधीचे कर्तव्य होय.