लिनक्सवरील साधनांची निवड

सुतार लांकूड तासण्यास रंधा घेतो व भोंक पाडण्यास सामता घेतो. दोहोंची अदलाबदल तो कधीं करीत नाहीं. ज्यास हत्यार ओळखतां येतें, त्याचें अर्धें काम आधींच झालेलें असतें. संगणकाच्या कामासही हाच न्याय लागू आहे. परंतु तेथें आपण बहुधा उलटे वागतों. प्रथम एखाद्या प्रसिद्ध सॉफ्टवेअरचें नांव ऐकतों, तें कोठून तरी पैदा करतों, आणि त्यानें कोणतें काम करावयाचें याचा विचार मागाहून करतों. लिनक्स या प्रणालीकडे प्रथमच वळणाऱ्या मनुष्याची जी तारांबळ उडते, तिचें मूळ बहुतेक वेळां याच संवयींत असतें.

हा विषय आज पुष्कळ घरांशीं निगडित झाला आहे. विंडोज १० या प्रणालीस मिळणाऱ्या नेहमींच्या संरक्षक दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं बंद झाल्या; आणि तिच्यापुढील विंडोज ११ ही प्रणाली अनेक जुन्या यंत्रांवर अधिकृत रीतीनें बसत नाहीं. यंत्र धडधाकट आहे, पडदा स्वच्छ आहे, कळफलक शाबूत आहे. पण प्रणाली जुनी झाली म्हणून तें अडगळींत टाकावें काय? ज्या घरांत दोन भावंडांचा अभ्यास एकाच संगणकावर चालतो, तेथें नवें यंत्र घेणें ही लहानसहान गोष्ट नव्हे. अशा घरीं लिनक्स उपयोगी पडूं शकतें. लिनक्स मिंट या नांवाच्या प्रकारास किमान २ गिगाबाइट, व सुखानें काम होण्यास ४ गिगाबाइट स्मृति पुरते, असें त्याचे कर्तेच सांगतात.

लिनक्सचा पूर्वेतिहास थोडक्यांत असा. १९८३ सालीं अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन यांनीं ग्नू नांवाचा उपक्रम जाहीर केला. सॉफ्टवेअर कोणासही चालवितां यावें, त्याची घडण तपासतां यावी, तें सुधारतां यावें व दुसऱ्यास देतां यावें, हा त्यांचा हेतु होता. पुढें १९९१ च्या ऑगस्ट महिन्यांत फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा लिनस टॉरवाल्ड्स हा २१ वर्षांचा विद्यार्थी आपण केवळ हौस म्हणून एक प्रणाली रचीत असल्याचें प्रसिद्ध करता झाला. १९९२ सालीं त्यानें ती ग्नूच्याच सार्वजनिक परवान्याखालीं सर्वांस खुली केली. या दोन प्रयत्नांच्या मिलाफांतून डेबियन, फेडोरा, उबुंटू, मिंट इत्यादि प्रकार निर्माण झाले. यांचा गाभा एक; वेष मात्र निरनिराळे.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. विंडोजवर सॉफ्टवेअर हवें असल्यास मनुष्य जालावर हिंडतो, कोणत्या तरी स्थळावरून फाइल उतरवून घेतो आणि ती उघडतो. तिच्याबरोबर आणखी काय घरांत शिरलें हें पुष्कळदां त्यास कळत नाहीं. लिनक्सची रीत निराळी आहे. प्रत्येक प्रकाराचें स्वतःचें एक भांडार असतें. त्यांत हजारों साधनें मांडून ठेविलेलीं असतात, व प्रत्येक जिनसेवर भांडाराची सही असते. आलेला माल मूळचाच आहे किंवा वाटेंत बदलला, हें यंत्र त्या सहीवरून आपण होऊन पडताळून पाहतें. पडद्यावरील सॉफ्टवेअरचें दालन उघडावें, कामाचें नांव लिहावें, आणि निवडलेलें साधन बसवावें. पुढें त्याच्या दुरुस्त्याही त्याच वाटेनें येतात. म्हणून नवशिक्यानें पहिला नियम हा पाळावा कीं, आधीं भांडारांत शोध करावा; तेथें न मिळाल्यासच बाहेर पाहावें. भांडारांत एकच साधन कधीं कधीं दोन रूपांत दिसतें. एक प्रणालीचे सामायिक भाग वापरतें व आकारानें लहान असतें. दुसरें आपली शिदोरी आपल्याबरोबर आणतें, म्हणून मोठें, पण बहुधा अधिक नवें असतें. जुन्या यंत्रावर पहिलें बरें.

दुसरा नियम असा कीं, नांव शोधूं नये, काम शोधावें. "अमक्या सॉफ्टवेअरऐवजीं काय?" असा प्रश्न न करितां "मला काय करावयाचें आहे?" असा प्रश्न करावा. निबंध लिहिणें, जमाखर्च मांडणें, भाषणासाठीं चित्रपट्ट्या तयार करणें या कामांस लिबरऑफिस हा संच पुरेसा आहे. तो २०१० सालीं ओपनऑफिस या जुन्या संचापासून फुटून निघाला. जाल पाहण्यास फायरफॉक्स व टपालास थंडरबर्ड हीं साधनें विंडोजवरही चालतात. तेव्हां लिनक्सकडे येण्यापूर्वींच तीं वापरून हात बसवितां येतो. लिबरऑफिसचेंही तसेंच आहे. ही युक्ति लहान दिसते, परंतु घर बदलण्यापूर्वीं शेजाऱ्यांची ओळख करून घेतल्याप्रमाणें ती उपकारक होते.

निबंध एका यंत्रावर नीट दिसतो आणि दुसऱ्यावर त्याच्या ओळी मोडतात, अशी तक्रार नेहमीं ऐकूं येते. याचें कारण बहुधा टंकांत असतें. लेखकानें वापरलेला टंक दुसऱ्या यंत्रावर नसला, तर यंत्र दुसराच टंक घालतें. त्याचीं अक्षरें रुंद वा अरुंद असल्यामुळें ओळ भलत्याच ठिकाणीं तुटते, आणि मग पृष्ठेंही सरकतात. यावर उपाय म्हणून लिबरेशन नांवाचे टंक केले आहेत. त्यांच्या अक्षरांची रुंदी एरियल व टाइम्स न्यू रोमन यांच्याइतकीच ठेविली आहे. कॅलिब्री टंकाच्या मापाचा कार्लिटो नांवाचा टंकही आहे. हे टंक बसविले म्हणजे पुष्कळ तक्रारी मिटतात. जो मजकूर दुसऱ्यानें केवळ वाचावयाचा किंवा छापावयाचा असेल, तो मात्र सदैव पी.डी.एफ. करूनच धाडावा.

मराठी लिहिण्याची सोयही लिनक्समध्यें आहे. इन्स्क्रिप्ट या भारतीय प्रमाण कळफलकांत स्वर डाव्या हाताकडे व व्यंजनें उजव्या हाताकडे मांडलेलीं आहेत. हा कळफलक प्रणालीच्या मांडणींत निवडला कीं झालें. युनिकोड पद्धतीनें लिहिलेला मजकूर कोणत्याही यंत्रावर वाचतां येतो. परंतु पूर्वींच्या खासगी टंकांत लिहिलेले लेख तो टंक नसल्यास निरर्थक चिन्हांसारखे दिसतात. ज्यांच्या घरीं असे जुने लेख असतील, त्यांनीं ते वेळींच युनिकोडमध्यें उतरवून घ्यावेत. नाहीं तर टंकाबरोबर लेखही जावयाचे.

आतां गाणीं व चलच्चित्रें यांचा विचार करूं, कारण नवशिक्याची गाडी बहुधा येथेंच अडते. फाइलच्या नांवाच्या शेवटीं असलेलीं "एम.पी.४" किंवा "एम.के.व्ही." हीं अक्षरें केवळ पेटीचें नांव सांगतात, पेटींत काय भरलें आहे हें सांगत नाहींत. थोडा हिशेब करून पाहा. १९२० ठिपके रुंद व १०८० ठिपके उंच अशा एका चित्रास, प्रत्येक ठिपक्यास ३ बाइट धरल्यास, सुमारे ६२ लक्ष बाइट लागतात. सेकंदास अशीं २५ चित्रें धरलीं, तर एका मिनिटास ९ गिगाबाइटांहून अधिक जागा होते! एवढें ओझें कोणीही वाहूं शकत नाहीं. म्हणून चित्रें घडी घालून ठेवितात. एका चित्रापासून पुढच्या चित्रांत जेवढा फरक पडला, मुख्यत्वें तेवढाच नोंदावयाचा. न हललेली भिंत पुनः पुनः लिहावयाची नाहीं. ही घडी घालण्याच्या व उलगडण्याच्या रीतीस कोडेक म्हणतात. पेटी उघडली, पण घडी उलगडण्याची रीत यंत्रास ठाऊक नसली, तर आवाज येतो व चित्र येत नाहीं, किंवा चित्र येतें व आवाज नाहीं.

मग लिनक्समध्यें या रीती आरंभापासूनच कां भरून ठेवीत नाहींत? कारण त्यांपैकीं कित्येकींवर पेटंटाचा हक्क असतो. एम.पी.३ या ध्वनिरीतीचे परवाने देण्याचा व्यवहार २०१७ सालीं संपला, तेव्हां ती सर्वत्र मोकळी झाली. पण इतर कांहीं रीतींवर हक्क अद्यापि आहेत. म्हणून कित्येक प्रकार प्रणाली बसवितांना "माध्यमांच्या रीती बसवाव्यात काय?" असें विचारतात. तेथें होकार द्यावा. याशिवाय व्ही.एल.सी. हें साधन ठेवावें. १९९६ सालीं पॅरिसच्या एका अभियांत्रिकी विद्यालयांतील विद्यार्थ्यांनीं त्याचा आरंभ केला, व २००१ सालीं तें खुल्या परवान्याखालीं आलें. बहुतेक रीती त्याच्या पोटांतच असल्यामुळें दुसरीकडे न चालणारी फाइल तेथें बहुधा चालते. फाइलचें रूपच बदलावयाचें असल्यास हँडब्रेक वापरावें.

केवळ पाहण्याऐवजीं स्वतः कांहीं निर्माण करावयाचें असेल, तर उदाहरणादाखल शाळेच्या स्नेहसंमेलनाचें नाटक घेऊं. ध्वनिमुद्रणांत पंख्याची घरघर शिरली आहे. ऑडॅसिटी या साधनांत, जेथें कोणी बोलत नाहीं व नुसती घरघर आहे, असा दोन-तीन सेकंदांचा तुकडा निवडावा. हाच गोंगाटाचा नमुना, असें साधनास सांगावें. मग सर्व मुद्रण निवडून तो नमुना त्यांतून वजा करण्यास सांगावें. वजाबाकी बेतानें करावी, नाहीं तर पात्रांचे आवाज पत्र्याच्या डब्यांतून आल्यासारखे होतात. चित्रांची जोडणी केडेनलाइव्हमध्यें करावी. छायाचित्र उजळणें किंवा कापणें हें गिम्पचें काम. तेथें मूळ प्रत गिम्पच्या स्वतःच्या रूपांत जपावी, जे.पी.जी. रूपांत वारंवार साठविल्यास दर खेपेस चित्राचा थोडा थोडा तपशील नष्ट होतो. संमेलनाचा मोठा फलक करावयाचा असल्यास मात्र इंकस्केप घ्यावें. छायाचित्र ठिपक्यांचें असतें, तें फार मोठें केलें कीं ठिपके दिसूं लागतात. इंकस्केप रेषा भूमितीच्या भाषेंत ठेवतें, म्हणून तीच आकृति तिकिटाएवढी वा भिंतीएवढी केली तरी तिची कड तशीच रेखीव राहते. हातानें रंगविण्याची आवड असलेल्यांस क्रिता आवडेल.

फुकट तें हिणकस, असा कित्येकांचा समज आहे. त्यांनीं ब्लेंडर या साधनाचा वृत्तांत ध्यानांत घ्यावा. त्याची मालक कंपनी बंद पडल्यावर २००२ सालीं तें वापरणाऱ्या लोकांनीं कांहीं आठवड्यांतच १ लक्ष युरोंचा निधि जमवून तें सोडवून घेतलें व सर्वांस खुलें केलें. त्याच ब्लेंडरमध्यें लॅटव्हियाचे दिग्दर्शक गिंट्स झिलबालोडिस यांनीं "फ्लो" हा चित्रपट तयार केला, आणि २०२५ सालीं त्यास सर्वोत्कृष्ट सचेतन चित्रपटाचें ऑस्कर पारितोषिक मिळालें.

तथापि गुणांबरोबर उणिवाही सांगणें न्याय्य आहे. फोटोशॉप लिनक्सकरितां निघतच नाहीं. आणि गिम्पच्या कळा निराळ्या असल्यामुळें फोटोशॉपची संवय असलेला मनुष्य प्रथम अडखळतो. मायक्रोसॉफ्टच्या संचांतील किचकट कोष्टकें व आज्ञावली लिबरऑफिसमध्यें सर्वच जशाच्या तशा चालत नाहींत. अनेकांनीं मिळून जालावर खेळावयाचे कित्येक खेळ लिनक्सवर मुळींच चालत नाहींत. कांहीं छापयंत्रें तत्काळ ओळखलीं जातात, कांहीं हट्ट धरून बसतात. एखाद्या परीक्षेस किंवा नोकरीस ठराविक सॉफ्टवेअरच लागत असेल, तर घरांत निदान एक यंत्र त्यासाठीं राखावें हेंच शहाणपणाचें.

म्हणून घाईनें जुनी प्रणाली पुसून टाकूं नये. प्रथम आपल्या कामांची यादी कागदावर करावी व प्रत्येक कामापुढें साधनाचें नांव लिहावें. नंतर ८ गिगाबाइटांच्या पेनड्राइव्हवर लिनक्स घेऊन त्यावरूनच संगणक सुरूं करावा. अशा वेळीं आंतील तबकडीवर कांहींही लिहिलें जात नाहीं; यंत्र थोडें मंद चालतें, पण ध्वनि, जालाची जोडणी, छापयंत्र व कॅमेरा चालतात कीं नाहीं हें कळून येतें. यादींतील कामें जमलीं, तर आपल्या फाइलींची दुसरीकडे प्रत काढून ठेवावी आणि मगच प्रणाली बसवावी. शिकण्यास सोबत हवी असल्यास मुंबईच्या आय.आय.टी.चे "स्पोकन ट्युटोरियल" नांवाचे पाठ आहेत. लिबरऑफिस, गिम्प इत्यादि साधनांचे हे पाठ विनामूल्य असून त्यांतील पुष्कळ मराठींतही मिळतात.

पालकांनीं शेवटीं एका गोष्टीचा विचार करावा. महागडें सॉफ्टवेअर परवडत नाहीं म्हणून त्याची चोरटी प्रत घेण्याची चाल आपल्याकडे इतकी रूढ आहे कीं, मुलांस तींत वावगें असें कांहीं वाटेनासें झालें आहे. ज्या प्रतींचें कुलूप दुसऱ्या कोणीं फोडलेलें असतें, त्यांतून रोगट फाइली घरांत येण्याचा धोका असतो तो निराळाच. खुल्या साधनांची प्रत मुलानें मित्रास दिली, तर तें चौर्य होत नाहीं. उलट परवान्याची तशी अनुज्ञाच असते. पैसा नाहीं म्हणून साधन नाहीं, व साधन नाहीं म्हणून विद्या नाहीं, ही सबब त्यामुळें बरीचशी दूर होते. उरतो तो प्रश्न उद्योगाचा. हेलसिंकीचा तो विद्यार्थी व पॅरिसचे ते विद्यार्थी यांनीं हौसेनें व चिकाटीनें जें निर्माण केलें, तें आज आपल्या मुलांच्या हातीं विनामूल्य आलें आहे. त्यांनीं तें नुसतें वापरून थांबूं नये. तें कसें चालतें हें उघडून पाहावें, कारण तसें पाहण्याची त्यांस पूर्ण मुभा आहे.