वापरलेली गाडी सुरू होत नाही, तेव्हा...

बेंगळूरच्या इंदिरानगरात, शंभर फुटी रस्त्याच्या आतील गल्ल्यांमधून, झाडांच्या सावलीत अनेक गाड्या दिवसचे दिवस उभ्या असतात. अशी एखादी वापरलेली गाडी पाहण्यास कुटुंब जाते, किल्ली फिरवली जाते आणि इंजिन मौन पाळते. "केवळ बॅटरी उतरली आहे," असे विक्रेता सांगतो. ते खरे असू शकते. परंतु पडताळणीपूर्वी रक्कम देऊ नये. गाडी चालो वा न चालो, कर्जाचा हप्ता ठरल्या तारखेस भरावाच लागतो.

निदानाचा आरंभ आवाजापासून करावा. स्टार्टर फिरत नसेल आणि दिवे मंदावत असतील, तर प्रथम बॅटरीच्या टर्मिनलवरील क्षार व सैल जोड पाहावेत. पूर्ण भारित बॅटरी विश्रांत स्थितीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२ व्होल्टच्या खाली ती जवळजवळ रिकामी समजावी. दुसऱ्या बॅटरीच्या साहाय्याने इंजिन सुरू झाले, तर चालू इंजिनावर पुन्हा मोजणी करावी. सर्वसाधारणपणे १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळावयास हवेत. आकडा वाढत नसल्यास दोष अल्टरनेटरकडे असण्याचा संभव अधिक, आणि मग नवी बॅटरीही उतरेल. दिवे प्रखर असून नुसता 'टक्' असा आवाज आल्यास स्टार्टर मोटर वा तिची जोडणी संशयास्पद ठरते.

स्टार्टर फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही, तेव्हा इंधन व ठिणगी यांचा विचार करावा. अनेक पेट्रोल गाड्यांत किल्ली 'ऑन' करताच मागील बाजूने पंपाची क्षणभर गुणगुण ऐकू येते. ती नसल्यास फ्यूज, रिले व पंप तपासावेत. प्लग पेट्रोलने ओला असेल तर ठिणगी पडत नसावी. कोरडा असेल तर इंधन पोहोचत नसावे. इमोबिलायझरचा दिवा लुकलुकत राहिल्यास दोष किल्लीच्या ओळखीत असू शकतो. म्हणून दोन्ही किल्ल्या मागून घ्याव्यात. स्टार्टर नेहमीपेक्षा हलका व वेगाने फिरत असेल, तर टायमिंग बेल्ट तुटलेला असू शकतो. अशा वेळी प्रयत्न तत्काळ थांबवावेत.

सप्टेंबर २०२२ च्या अतिवृष्टीत बेंगळूरच्या पूर्व भागात अनेक गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. गालिच्याखालील गाळ आणि आसनांच्या पट्ट्यांवरील गंज यांवरून अशी गाडी ओळखता येते. इंजिनात पाणी शिरल्याची शंका असल्यास स्टार्टर मुळीच फिरवू नये.

दुरुस्तीनंतर दुसऱ्या दिवशी इंजिन थंड असताना गाडी पुन्हा सुरू करून पाहावी. भेटीपूर्वीच बॉनेट गरम असेल, तर ती परीक्षा झाली असे मानू नये. नोंदणी प्रमाणपत्रावर पूर्वीच्या कर्जाचा बोजा असल्यास तो उतरवून घ्यावा. त्यानंतरच व्यवहार पूर्ण करणे हिताचे ठरते.