शास्त्र वाचताना नकाशा उघडा ठेवा

वाचकहो, ‘गालीलचा समुद्र’ हे शब्द वाचले की तुमच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? गोंदिया जिल्ह्यातल्या माणसाने समुद्र पाहिला असेल तर तो मुंबईचा. खारा, अफाट, पलीकडचा काठ न दिसणारा. आता पुस्तकाच्या शेवटचा नकाशा उघडा. हा समुद्र म्हणजे गोड्या पाण्याचे एक सरोवर आहे. लांबी सुमारे २१ किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त १३. आपल्या नवेगावबांधच्या तलावाहून पुष्कळ मोठा खरा, पण भोवती डोंगर आणि मध्ये पाणी, जात तीच. त्याचे पाणी समुद्रसपाटीच्याही दोनशेहून अधिक मीटर खाली आहे. डोंगरावरची थंड हवा एकाएकी त्या खोलगटात उतरते आणि वादळ उठते. शिष्यांची होडी का हेलकावली, हे नकाशा न बोलता सांगतो.

ख्रिस्ती शास्त्र मराठीत येऊन दोन शतके होऊन गेली. विल्यम केरी यांच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८०५ साली मत्तयाचे शुभवर्तमान निघाले. पुढे पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्यासुध्या बाईमाणसांना कळेल अशा मराठीत सबंध बायबल उतरवले. त्या १९२२ साली वारल्या. त्यांचे भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. शब्द सोपे झाले. पण जैतुनाचे झाड, द्राक्षाचा मळा, दगडी कुंड ही ज्याने कधी पाहिलीच नाहीत, त्याला सोपा शब्दही पुरत नाही. तिथे चित्रे, नकाशे आणि छायाचित्रे असलेल्या संदर्भग्रंथांचे काम सुरू होते. अशा ग्रंथांपैकी एक गाजलेला ग्रंथ १८९४ साली निघाला, पवित्र भूमीच्या इतिहास-भूगोलाचा. त्याचे कर्ते जॉर्ज अ‍ॅडम स्मिथ यांचा जन्म आपल्याच देशात, कलकत्त्याला झाला होता, हे जाता जाता सांगतो.

आता दयाळू शोमरोनी माणसाची गोष्ट घ्या. एक वाटसरू यरुशलेमेहून ‘खाली’ यरीहोला चालला होता. अंतर फार नाही, गोंदियाहून तिरोड्याला जावे साधारण तेवढेच. आपला रस्ता सपाट, दोन्ही अंगांना धानाचे बांध, हाक मारली तर कुणीतरी ओ देणारच. म्हणून आपल्याकडचा मुलगा विचारतो, “गुरुजी, तो माणूस ओरडला का नाही?” अशा वेळी त्या वाटेचा उभा छेद दाखवावा. यरुशलेम साडेसातशे मीटर उंचीवर, यरीहो समुद्रसपाटीच्याही अडीचशे मीटर खाली. म्हणजे एवढ्याशा वाटेत सुमारे हजार मीटरांचा उतार, आणि तोही उजाड, दऱ्याखोऱ्यांतून, जागोजागी दडायला जागा. हे पाहिल्यावर तिथे थांबणाऱ्याने स्वतःचा जीवही धोक्यात घातला होता, हे मुलाला आपोआप कळते. थांबला नाही त्याची भीतीही कळते.

छपराची गोष्ट आणखी गमतीची आहे. पक्षघाती माणसाला चौघांनी छपरातून खाली सोडले. आपण लगेच कवेलू काढताना पाहतो, कारण पावसाळ्यापूर्वी आपण तेच करतो. लूकाच्या शुभवर्तमानात कौलांचा उल्लेख आहेही. पण मार्काच्या शुभवर्तमानात छप्पर उकरल्याचे आहे. उत्खननांवरून काढलेली त्या काळच्या गालीलमधल्या घरांची चित्रे पाहा. लाकडी वासे, त्यांवर फांद्या-गवत, त्यावर चोपलेली माती असे सपाट धाबे, आणि वर जायला बाहेरून जिना. मग ‘उकरणे’ हा शब्द बरोबर जागी बसतो.

मात्र प्रत्येक चित्रावर विश्वास टाकू नका, बरे का! चित्र कुणी काढले, केव्हा, आणि कशावरून, हे आधी विचारा. लिओनार्दो दा विंचीने पंधराव्या शतकाच्या अखेरीस मिलान येथे शेवटच्या भोजनाचे चित्र काढले. त्यात सगळे उंच मेजाशी बसले आहेत. त्या काळी मेजवानीला लोक डाव्या कोपरावर रेलून, आडवे होऊन जेवत. चित्र थोर आहे, पण चालीरीतींचा दाखला म्हणून ते चालणार नाही. तसेच मागींचे. चित्रांत ते तीन असतात. शास्त्रात संख्या दिलेलीच नाही, देणग्या तेवढ्या तीन आहेत.

ग्रंथ महाग असतात, हे खरे. शाळेत एक असला तरी पुरे. आणि नसलाच तर पुष्कळ मराठी आवृत्त्यांच्या शेवटी असलेले नकाशे तरी वापरा. आधी उतारा वाचावा, न पाहिलेल्या वस्तूंची नावे मुलांकडून लिहून घ्यावीत, आणि मगच चित्र उघडावे. उलट केले तर मुले चित्रच लक्षात ठेवतात.

काही ठिकाणी तर ग्रंथापेक्षा आपले खळेच उपयोगी पडते. मळणीच्या बैलाला मुसके बांधू नये, या आज्ञेचा अर्थ शहरातल्या मुलाला समजावून सांगावा लागतो, आपल्या मुलाला नाही. उपणणीचेही तसेच. मराठी भाषांतरात तिथे ‘सूप’ आहे. चित्रात दिसते ते दाताळ्यासारखे लाकडी अवजार, ज्याने गहू वाऱ्यावर उडवीत. दोन्ही शेजारी शेजारी फळ्यावर काढा आणि वारा कोणत्या बाजूने येतो ते मुलांना विचारा.