हलव्याला काटा कसा येतो?

संक्रांतीला हातावर पडणारा पांढराशुभ्र काटेरी हलवा म्हणजे मुळात एक तीळ आणि त्यावर थरांवर थर चढलेली साखर. बस्स, एवढंच! पण हा काटा साच्यातून येत नाही, तो हातानं फुलवावा लागतो.

साखरेच्या पाकात थोडं दूध घालून वर आलेली मळी काढून टाकायची. मंद शेगडीवर परात, परातीत तीळ. त्यावर चमचाभरच पाक सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचं. पाक सुकला की पुढचा चमचा. घाई केली तर दाणे एकमेकांना चिकटून गोळा होतो. असं तासन्‌तास, कधी दोन-तीन दिवस चालतं. बोटांना चटके बसतात ते वेगळेच. मग हळूहळू दाण्यावर बारीक टोकं दिसू लागतात. कोरड्या थंडीत काटा छान येतो. हवा दमट असली की दाणा गुळगुळीतच राहतो.

खसखस, साबुदाणा, मगजबी, लवंग यांचाही हलवा होतो. नव्या सुनेच्या काळ्या साडीवरचे हलव्याचे दागिने, बोरन्हाणातल्या बाळाचा मुकुट, सगळं याचंच. मला विचाराल तर खसखशीचा हलवा सर्वांत देखणा. यंदा एक दाणा जिभेवर ठेवा, चावू नका. साखर विरघळत जाते आणि शेवटी तीळ लागतो.